मानपान आणि सन्मान

सामान्यकाळातील बाविसावा रविवार (वर्ष 'क'), ३१ ऑगस्ट २०२५
वाचने : बेनसिरा ३:१७-१८, २०, २८-२९, इब्री लोकांस पत्र १२:१८-१९, २२-२४, लूक १४:१, ७-१४



आपल्याकडे लग्न ठरले की बस्त्याच्या आधीच मानपानाची यादी तयार होते. टॉवेल-टोपी कोणाला, साडी कोणाला, स्टेजवर कोणाचे नाव पुकारायचे, पहिल्या पंगतीला कोणाला बसवायचे हे सारे वडीलधारी मंडळी बसून ठरवतात. एवढी काळजी घेऊनही एखादे नाव राहून जाते आणि मग वर्षानुवर्षे दोन घरांतील जाणे-येणे बंद पडते. त्या दिवशी जेवणात काय होते हे कोणाच्या लक्षात राहत नाही. "आम्हाला कोणी विचारले नाही" एवढेच मात्र मनात घट्ट बसते.

आजच्या शुभवर्तमानातील प्रसंग असाच एका पंगतीचा आहे. परुश्यांच्या एका पुढाऱ्याच्या घरी शब्बाथ दिवशी येशू जेवायला गेला. जमलेले लोक त्याच्यावर नजर ठेवून होते, असे संत लूक सांगतो. पण येशूही त्यांच्याकडे पाहत होता. आमंत्रित मंडळी मानाच्या जागा कशा हेरत आहेत, हे त्याने पाहिले. मग त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक पाहुण्यांसाठी होती आणि दुसरी घरधन्यासाठी. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे ख्रिस्ती जीवनात आदर कशाला म्हणतात, हे आपल्याला समजते.

पाहुण्याला आणि घरधन्याला

पाहुण्याला येशू सांगतो, की बोलावणे आले म्हणून थेट मानाच्या जागेवर जाऊन बसू नकोस. तुझ्याहून मोठा कोणी आला, तर तुला सर्वांसमोर उठावे लागेल. त्यापेक्षा शेवटच्या जागेवर बस. पुढे बोलवायचे की नाही, ते घरधन्यावर सोपव.

हे ऐकून काहींना वाटेल, की ही मान मिळवण्याची युक्ती आहे. मुद्दाम मागे बसायचे, म्हणजे कोणीतरी हात धरून पुढे नेईल आणि सगळे पाहतील! तसे केले तर तेही मानपानच झाले, फक्त त्याने नम्रतेचा सदरा घातला आहे. येशूला हे अभिप्रेत नाही. आपली किंमत आपण बसलेल्या खुर्चीवर ठरत नाही, हे ज्याला उमगले आहे तोच शेवटच्या जागेवर निश्चिंतपणे बसू शकतो. पहिल्या वाचनात बेनसिरा हेच आपल्या मुलाला शिकवतो. भेटवस्तू वाटणाऱ्यापेक्षा नम्रतेने वागणारा लोकांना अधिक प्रिय होतो आणि माणूस जितका मोठा, तितके त्याने लहान व्हावे, असे तो सांगतो.

घरधन्याला सांगितलेली गोष्ट अधिक अवघड आहे. जेवण देशील तेव्हा मित्र, भाऊबंद, नातलग आणि श्रीमंत शेजारी यांनाच बोलावू नकोस, कारण ते तुलाही बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, लुळे, लंगडे, आंधळे यांना बोलाव. त्यांच्याजवळ परतफेड करायला काही नाही आणि म्हणूनच तू धन्य होशील.

आपल्याला हे समजायला कठीण नाही, कारण आपल्या घरोघरी आहेराची वही असते. कोणी किती घातले ते तिच्यात लिहून ठेवायचे आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढे परत घालायचे, ही रीत आपण सारेच पाळतो. अडीअडचणीला त्यातून एकमेकांना हातभारही लागतो. परंतु आदरसुद्धा आपण याच वहीत मांडू लागलो, तर काय होते? ज्याच्याकडून काम होणार आहे त्याला नमस्कार, ज्याच्याकडून होणार नाही त्याच्याकडे पाठ. साहेब आले की उठून उभे राहायचे, शिपाई आला की बसूनच बोलायचे. असा आदर म्हणजे व्यवहार झाला. ज्या आदराची परतफेड होण्याची मुळीच शक्यता नाही, तो आदर देवाच्या वहीत लिहिला जातो, असे येशूचे म्हणणे आहे.

मानपान आपण मागून घेतो, सन्मान आपण देतो. ज्याला तो कोणीच देत नाही त्याला प्रथम द्यावा, हा आजच्या शुभवर्तमानाचा बोध आहे.

गौरव म्हणजे वजन

'गौरव' हा शब्द आपण उपासनेत वारंवार उच्चारतो. तो 'गुरू' या शब्दापासून आला आहे आणि 'गुरू' म्हणजे जड, वजनदार. ज्याला गौरव द्यायचा त्याला वजन द्यायचे, त्याला हलका समजायचे नाही. पवित्र शास्त्राच्या मूळ हिब्रू भाषेतही नेमके असेच आहे. आईबापांचा मान राख, या आज्ञेत वापरलेला शब्द 'जड असणे' याच अर्थाच्या धातूपासून आला आहे आणि परमेश्वराच्या गौरवासाठीही त्याच धातूपासून बनलेला शब्द वापरला जातो. आपणही बोलताना म्हणतोच, की अमक्याच्या शब्दाला गावात वजन आहे.

म्हणजे आदर हा केवळ गोड बोलण्याचा प्रकार नाही. समोरच्या माणसाला, त्याच्या बोलण्याला, त्याच्या वेळेला आणि त्याच्या दुःखाला वजन आहे, असे मानून वागणे म्हणजे आदर. हे वजन आले कोठून? उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात त्याचे उत्तर आहे. देवाने मानवाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले. हे वजन शिक्षणाने वाढत नाही आणि गरिबीने घटत नाही. मानवी प्रतिष्ठेविषयी परमपीठाने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डिग्निटास इन्फिनिटा' या दस्तऐवजातही हाच विचार आहे. माणूस कोणत्याही परिस्थितीत असो, त्याच्या प्रतिष्ठेला मर्यादा नाही आणि ती कोणी काढून घेऊ शकत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

आपल्या मातीतला एक धडा

आदर कसा द्यावा, याचे एक उदाहरण आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या मातीतच आहे. तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज हे ख्रिस्ती नव्हते. ते आदिवासी समाजात जन्मलेले संत होते. १९३७-३८ च्या सुमारास त्यांच्या आरतीला पश्चिम खानदेशातील गावागावांतून आदिवासी बांधव मोठ्या संख्येने जमू लागले. दारू सोडा, स्वच्छ राहा, सन्मार्गाने जगा, असा त्यांचा उपदेश होता. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालवले.

या पंथाला लोक 'आप' या नावाने ओळखतात. त्यामागचा विचार मनात ठेवण्यासारखा आहे. लहान असो वा थोर, पुरुष असो वा स्त्री, एकमेकांना 'आप' म्हणायचे. त्या काळाची आठवण ठेवली म्हणजे या एका शब्दाचे मोल कळते. सावकाराच्या ओट्यासमोर, जमीनदाराच्या शेतात आणि सरकारी कचेरीत आदिवासी माणसाला 'अरे', 'ए' याशिवाय दुसरी हाक ठाऊक नव्हती. ज्यांना जगात कोणी 'आप' म्हणत नव्हते, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायला सुरुवात केली. जग मान देईल तेव्हा देईल, आम्ही तोवर थांबणार नाही, असे जणू त्यांनी ठरवले. नवऱ्याने बायकोला 'आप' म्हटले, बापाने लेकराला 'आप' म्हटले, की हात उगारण्यापूर्वी जीभच त्याला अडवते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, अशी त्याची शिकवण आहे. त्या दृष्टीने पाहिले, तर आपल्या शेजारच्या तालुक्यातील या संताकडून आपण निःसंकोचपणे शिकू शकतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'तू' हा शब्द वाईट नाही. आईला आपण 'तू' म्हणतो आणि प्रार्थनेत स्वर्गातील पित्यालाही 'तू'च म्हणतो. त्या 'तू'मध्ये जवळीक असते. पण तोच शब्द अनोळखी म्हाताऱ्याला केवळ त्याचे धोतर मळलेले आहे म्हणून लावला, तर तो त्याला खाली ढकलतो. म्हणून आपण कोणता शब्द वापरतो याबरोबरच, माणसाला जवळ घेण्यासाठी वापरतो की खाली बसवण्यासाठी, हेही तपासून पाहिले पाहिजे.

स्वर्गात नोंदलेली नावे

दुसऱ्या वाचनात एक सुंदर वचन आहे. आपण सीयोन डोंगराजवळ, जिवंत देवाच्या नगरीजवळ आलो आहोत आणि तेथे जमलेली मंडळी ही प्रथम जन्मलेल्यांची मंडळी आहे, त्यांची नावे स्वर्गात नोंदलेली आहेत, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. आपल्या घरात थोरल्याला मान असतो. पागोटे त्याच्या डोक्यावर बांधले जाते, निर्णय त्याला विचारून होतो, धाकट्याने ऐकून घ्यायचे असते. देवाच्या घरात मात्र सगळेच थोरले आहेत! तेथे कोणी धाकटा नाही आणि कोणी परका नाही.

नाव नोंदले जाण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला, तो आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावी. त्या दिवशी या लहानशा गावाचे नाव देशभर गेले. त्या बारा आकड्यांमुळे माणसाची ओळख पटते आणि त्याची गरजही आहे. परंतु ओळख पटणे आणि मान मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. क्रमांक यंत्राला समजतो. माणसाला हाक मारायची ती नावाने. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे येशूने सांगितले आहे (योहान १०:३).

आता दोन महिन्यांनी काय होईल, ते डोळ्यांसमोर आणू या. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतून ट्रक भरून कुटुंबे ऊसतोडीला निघतील. काही गुजरातकडे, तर काही आपल्याच राज्यातील कारखान्यांकडे जातील. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एका कोयत्याला उचल किती, कोयते किती आले, किती पळाले, अशीच भाषा चालते. दोन जिवंत माणसांचे, स्नानसंस्कारात नाव मिळालेल्या देवाच्या लेकरांचे, लोखंडाच्या हत्याराच्या नावाने मोजमाप होते. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे, की तोडीला जाणारा माणूस स्वतःविषयी बोलतानाही तो सहज वापरतो.

याच कुटुंबांची नावे स्वर्गात नोंदलेली आहेत, असे आज वेदीवरून वाचले गेले. हे आपण खरे मानत असू, तर होळीला ती माणसे परत येतील आणि चर्चमध्ये दिसतील, तेव्हा "आलात का?" एवढे तरी नावाने विचारले पाहिजे. कित्येक महिने रविवारची उपासना नाही, मुलांची शाळा नाही, ऊन आणि पाचट यांतच दिवस गेले. अशा वेळी ही माणसे संकोचाने मागे, दाराशी, चपलांजवळ उभी राहतात. त्यांना पुढे बोलावणारा माणूस आपल्यातूनच निघाला पाहिजे. आजच्या दाखल्यातील "मित्रा, वर येऊन बस" हे सांगण्याचे काम घरधन्याने आता आपल्यावर सोपवले आहे.

जिचा मान हिरावला जातो

आपल्या भागात अपमानाचा एक भयंकर प्रकार अजून पुरता गेलेला नाही. घरात आजारपण आले, जनावर मेले, मूल दगावले, की एखाद्या बाईकडे बोट दाखवले जाते आणि तिला डाकीण ठरवले जाते. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावावर थोडी जमीन असते. एकदा हा शब्द चिकटला, की तिच्या हातचे पाणी कोणी पीत नाही, तिची नातवंडे तिच्याजवळ येत नाहीत आणि पुढे मारहाणही होते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात हा गुन्हा ठरवला आहे. पण कायदा येण्याआधी कुजबुज येते आणि ती आपल्याच अंगणात, आपल्याच भांडी घासण्याच्या जागी सुरू होते.

येशूच्या काळीही असे शिक्के होते. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला लोक अशुद्ध समजत. तिने गर्दीतून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा त्याने तिला झिडकारले नाही. सर्वांसमोर तिला 'मुली' अशी हाक मारली (मार्क ५:३४). ज्या लोकांसमोर तिचा मान गेला होता, त्याच लोकांसमोर त्याने तो तिला परत दिला. आपल्या गावात एखाद्या बाईविषयी असे बोलणे कानी आले, तर ख्रिस्ती माणसाने तेथे गप्प बसू नये. तिच्या घरी जावे, तिच्या हातचा चहा घ्यावा. त्या एका कप चहाने गावाला जे समजते, ते मोठ्या भाषणानेही समजत नाही. जिवाला धोका दिसला, तर पोलिसांना कळवणे हेसुद्धा आपले कर्तव्य आहे.

नम्र असणे म्हणजे अपमान गिळणे नव्हे

कोणी म्हणेल, की आम्ही तर पिढ्यान् पिढ्या शेवटच्याच जागेवर बसलो आहोत. आम्हाला आणखी नम्रता कशाला शिकवता? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

शेवटची जागा आपणहून घेणे ही नम्रता आहे. दुसऱ्याला जबरदस्तीने शेवटच्या जागेवर बसवणे हा अन्याय आहे. आजचा दाखला मानाच्या जागा पटकावणाऱ्यांना सांगितलेला आहे. दारात ताटकळत उभ्या असलेल्यांना तो सांगितलेला नाही. त्यांच्यासाठी येशूने घरधन्याला दुसरी गोष्ट सांगितली, की यांना आत घे. महायाजकासमोर शिपायाने येशूच्या तोंडात मारली, तेव्हा तो शिव्याशाप देत बसला नाही. पण तो गप्पही राहिला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने विचारले (योहान १८:२३). ताठ मानेने, परंतु द्वेष न करता विचारलेला हा प्रश्न आपण शिकून घ्यावा.

आपल्या भागाच्या इतिहासातही हे घडले आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग महाराजांनी शहादा-तळोदा परिसरातील आदिवासी शेतमजुरांना संघटित केले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरी यांचा तो लढा होता, तसा तो माणूस म्हणून मान मिळावा यासाठीही होता. त्या चळवळीत स्त्रिया पुढे आल्या. दारूपायी घरात होणाऱ्या मारहाणीविरुद्ध त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. बाहेर मान मागणाऱ्याने घरातही मान द्यावा, हे त्यांनी आपल्या माणसांना बजावले. हे बजावणे आजही आपल्याला लागू आहे.

वेदीभोवतीची पंगत

आता आपण आपल्या चर्चकडे वळू या. पवित्र मिस्सा ही प्रभूची पंगत आहे. या पंगतीत सर्वांना एकच भाकर मिळते. डॉक्टरला मोठी आणि मजुराला लहान, असे येथे नसते. पण पहिल्या शतकातच करिंथ येथील मंडळीत गडबड झाली. ज्यांच्याकडे होते ते आधी येऊन खाऊन-पिऊन तृप्त होत आणि काम संपवून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले, की अशाने तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ लेखता आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता (१ करिंथ ११). संत याकोबानेही सांगितले, की अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातील गरिबाला 'तेथे उभा राहा' असे तुमच्या सभेत होत असेल, तर तुमच्या विश्वासाला अर्थ काय? (याकोब २:१-४).

हे लिहून जवळजवळ दोन हजार वर्षे झाली. तरी सणाच्या दिवशी चर्चमध्ये खुर्च्या कोणासाठी मांडल्या जातात आणि सतरंजीवर कोण बसते, हे पाहण्यासारखे असते. वाचन कोण करते? अर्पणे घेऊन वेदीकडे कोण जाते? धर्मग्रामाच्या सभेत कोणाचे बोलणे पुरे होऊ दिले जाते आणि कोणाचे मध्येच तोडले जाते? पाड्यावरून पावसात चिखल तुडवत आलेल्या आजीला जागा करून देणारा मुलगा त्या दिवशी उपासनेतच काहीतरी अर्पण करतो, असे आपण समजावे.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने काय केले, ते आपल्याला ठाऊक आहे. पाहुण्यांचे पाय धुणे हे नोकराचे काम. ते त्याने स्वतः केले. ज्याने विश्वासघात केला त्या यहुदाचे पायही त्याने वगळले नाहीत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांची निवड झाल्यावर पहिलाच पवित्र गुरुवार आला, तो २८ मार्च २०१३ रोजी. त्या दिवशी ते रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि त्यांनी बारा तरुण कैद्यांचे पाय धुऊन त्यांचे चुंबन घेतले. त्यांत मुलीही होत्या आणि मुस्लिम तरुणही होते. सन्मान देताना पोप महोदयांनी पात्रता विचारली नाही.

येत्या शुक्रवारी, ५ सप्टेंबरला, कलकत्त्याच्या संत तेरेसा यांचा स्मरणदिन आहे. १९५२ मध्ये त्यांनी कालीघाट येथे 'निर्मल हृदय' सुरू केले. रस्त्यावर मरणाला टेकलेल्या माणसाला तेथे आणून धुऊन-पुसून, त्याच्या शेजारी बसून निरोप दिला जाई आणि ज्याचा जो धर्म त्याप्रमाणे त्याचे अंत्यविधी केले जात. ज्याच्याकडून परतफेडीचा एक शब्दही येणार नाही, अशा माणसाला दिलेला हा आदर आहे. त्याच दिवशी शिक्षक दिनही आहे. आपल्या मुलांना पाड्यावरच्या शाळेत अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना आपल्या मुलांबरोबर जाऊन नमस्कार करू या.

शेजाऱ्याची श्रद्धा

सध्या नंदुरबार शहरात आणि गावोगावी गणेशोत्सव चालू आहे. पुढे दिवाळीत आपले शेजारी अस्तंबाच्या डोंगरावर यात्रेला जातील. देवमोगरा मातेवर श्रद्धा ठेवणारी कुटुंबे तर आपल्या नात्यागोत्यातच आहेत. त्यांच्या देवाविषयी, सणांविषयी, मिरवणुकीविषयी हलके बोलणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. आपली श्रद्धा सांगायला दुसऱ्याची श्रद्धा खाली ओढावी लागत नाही. संत पेत्राने सांगितले आहे, की आपल्या आशेविषयी कोणी विचारले, तर उत्तर द्यायला तयार असावे, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावे (१ पेत्र ३:१५). आपल्यावर कोणी संशय घेत असेल, तेव्हा तर हे अधिकच पाळले पाहिजे. आपली वागणूक हीच आपली साक्ष आहे.

मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी येथील लोकांची भाषा शिकून घेतली आणि येशूचे चरित्र मराठी ओवीत रचले. १६१६ मध्ये ते 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या भाषेचा आदर केल्याशिवाय त्याच्या हृदयाशी बोलता येत नाही, हे त्यांनी चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आज आपल्या चर्चमध्ये कोणी पावरी बोलते, कोणी मावची, कोणी भिलोरी, तर कोणी अहिराणी. शुद्ध मराठी येत नाही म्हणून कोणाला हसणे म्हणजे त्याच्या आईला हसणे, कारण ती भाषा त्याने तिच्या मांडीवर बसून शिकलेली असते.

सुरुवात घरापासून

नुकताच पोळा झाला. वर्षभर राबणाऱ्या बैलाला आपण धुतले, रंगवले, पुरणपोळी खाऊ घातली. कृतज्ञतेचा तो सुंदर सण आहे. पण घरात राबणाऱ्या माणसांच्या वाट्याला वर्षातून एवढा एक दिवस तरी येतो का? सर्वांत शेवटी जेवणारी आई, खोकल्यामुळे ओसरीवर खाट हलवलेले आजोबा, नाव न घेता 'ए' म्हणून बोलावली जाणारी सून, आणि "तुला काय कळते" असे ऐकून गप्प होणारे मूल, या चौघांना आज संध्याकाळी जेवताना पहिले पान वाढू या. पंगतीचा दाखला आपल्या घरी असाच वाचायचा असतो.

या आठवड्यासाठी काही गोष्टी सुचवत आहोत. कुटुंबाने एकत्र बसून त्यांतील एक तरी निवडावी :

• ज्यांच्याशी मानपानावरून बोलणे बंद आहे, त्यांच्या घरी आपणहून जावे. चूक कोणाची होती हा हिशेब काढू नये.

• शेतमजूर, भांडी घासणारी बाई, रिक्षावाला, सफाई कामगार यांचे नाव विचारून घ्यावे आणि त्याच नावाने, 'भाऊ', 'ताई', 'काका', 'मावशी' जोडून हाक मारावी.

• मजुरी ठरल्या दिवशी, पुरी आणि हातात द्यावी. थांबवलेली मजुरी हाही अपमानच आहे.

• पुढील रविवारी चर्चमध्ये आपल्या नेहमीच्या जागेवर दुसऱ्याला बसवावे आणि शांतीचे अभिवादन अनोळखी व्यक्तीला प्रथम करावे.

• घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे दिवसातून पाच मिनिटे, मोबाईल बाजूला ठेवून, मध्ये न तोडता ऐकावे.

बंधू-भगिनींनो, एक दिवस आपल्या प्रत्येकाला त्या स्वर्गीय भोजनाचे बोलावणे येणार आहे. तेथे कोणाच्या हातात मानपानाची यादी नसेल. घरधनी दारात उभा असेल आणि त्याच्याभोवती कदाचित तीच माणसे बसलेली असतील, ज्यांना आपण येथे दाराशी, चपलांजवळ उभे पाहिले होते. त्यांनी आपल्याला नावाने ओळखावे, एवढी ओळख या जन्मीच करून ठेवू या.

प्रार्थना

हे प्रभो येशू, तू देव असूनही आमच्यासाठी शेवटची जागा घेतलीस. मान मागणारी आमची जीभ आवर आणि मान देणारे हात आम्हाला दे. ज्यांना जग नावाने बोलावत नाही, त्यांना नावाने हाक मारण्याचे प्रेम आमच्यात निर्माण कर. ऊसतोडीला आणि मजुरीला दूर जाणाऱ्या आमच्या कुटुंबांचे रक्षण कर. ज्या भगिनींवर खोटे शिक्के मारले गेले, त्यांना तुझ्या लेकी म्हणून आम्ही जवळ करावे, असे धैर्य आम्हाला दे. आमची घरे, आमचे पाडे आणि आमचे हे चर्च अशी पंगत होवो, जिथे कोणीही दाराशी उभे राहणार नाही. आमेन.